पाठकोरा दाखला

बँकेतल्या मॅडमनी माझा घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला आधी सरळ वाचला, मग उलटा करून वाचला. मागची बाजूच त्यांना जास्त आवडली. तिथे भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाच्या प्रस्तावाचं पान ३ होतं, मधूनच सुरू झालेलं आणि मधेच संपलेलं. "यातले अर्जदार कोण?" त्यांनी विचारलं. रांगेतला एक पोरगा फिस्सकन हसला. दाखला नामंजूर. पाठीमागे मजकूर असलेला कागद फाइलला लावता येत नाही म्हणे. कोऱ्या कागदावर आणा.

कोऱ्या कागदावर! या बाईंना आमच्या महापालिकेची परिस्थिती कुणी सांगितलेली दिसत नाही.

तिजोरीत खडखडाट झालाय आणि काटकसरीचं परिपत्रक निघालंय, हे मी पेपरात वाचलं होतं. बरंही वाटलं होतं. आता चौकाचौकातल्या स्वागत कमानी थांबतील, न उडणारी कारंजी थांबतील, धडधाकट पेव्हर ब्लॉक उखडून तसलेच पुन्हा बसवायचा उद्योग थांबेल. कात्री लागली ती घरपट्टीच्या खिडकीतल्या प्रिंटरला.

ही बँकेत जाण्याआधीची गोष्ट. "दाखला तयार आहे," खिडकीतल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. होता खरा. नाव बरोबर, थकबाकी शून्य. "कागद आणलाय ना?"

"कसला?"

"ए-फोर."

दाखल्याचं शुल्क मी भरलेलं होतं. ते नक्की कशाचं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सेवेचं." कागद सेवेत येत नाही. परिपत्रकानुसार फक्त अत्यावश्यक खरेदीला परवानगी, आणि कागद अत्यावश्यक आहे की नाही याचा खुलासा अजून वरून आलेला नाही.

"मग मागवा की खुलासा."

"लेखी मागवावा लागतो," असं म्हणून त्यांनी प्रिंटरच्या रिकाम्या ट्रेकडे बघितलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मागणी किती नगांची आहे?"

नागरिकांसाठीच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. याच महापालिकेच्या भांडार विभागातून ते भांडारपाल म्हणून निवृत्त झाले. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा एक हप्ता अडकलाय म्हणून चौकशीला येतात, आणि आलोच आहोत तर म्हणून बाकावर भांडार चालवतात. खुर्ची सुटली, साठा सुटला नाही.

"एक नग," मी म्हणालो.

"पाठकोरा चालेल?"

"कोरा नाही का?"

"कोरा आहे. पण कोरा देताना कारण नमूद करावं लागतं." त्यांनी पिशवीतून वही काढली. रकाने पट्टीने आखलेले: अनुक्रमांक, दिनांक, मागणीदार, नग, शिल्लक, सही. "कारण?"

"दाखला काढायचाय."

"दाखला पाठकोऱ्यावर निघतो."

"अहो, बँकेत द्यायचाय."

"बँक पुढची बाजू वाचते."

इतक्या ठामपणे बोलणाऱ्या माणसापुढे माझं काही चालत नाही. मी सही केली. पेन त्यांचंच, पण सुतळीने वहीला बांधलेलं.

"ही वही कोण तपासतं?"

"लेखापरीक्षणात बघतात."

"तुमच्या पिशवीचं लेखापरीक्षण?"

"कुणाचंही होऊ शकतं," अण्णा गंभीरपणे म्हणाले.

आता मलाही चेव आला होता. "याची पावती मिळेल?"

"पावतीला आणखी एक पाठकोरा लागेल. शिल्लक बघतो." त्यांनी खरंच बघितली, ओठ हलवत, बोट रकान्यावरून खाली नेत. "नाही मिळणार."

हे पाठकोरे येतात कुठून? सभेच्या रद्दीतून. विषयपत्रिका, प्रस्ताव, टिपण्या. "कुणी उघडूनच बघत नाही," अण्णा म्हणाले. "एकेक पान नव्यासारखं राहतं."

मॅडम काट्रिज काढून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखं हलवत होत्या. काट्रिजही अत्यावश्यकतेच्या खुलाशात अडकलेलं. त्या वेळात अण्णांनी मला महापालिका कशी कंगाल झाली ते सांगितलं. शहरात येणाऱ्या मालावर जकात होती तेव्हा नाक्यावरची रोकड रोजच्या रोज जमा व्हायची. २०१३ सालापर्यंत मुंबई वगळता बाकी महापालिकांतली जकात संपली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. त्याच्या विरोधात व्यापाऱ्यांनी शटर ओढली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटीही माफ. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईचीही जकात गेली. तेव्हापासून राज्याकडून नुकसानभरपाईचं अनुदान. केंद्राने राज्यांना पाच वर्षं १४ टक्के वार्षिक वाढीची हमी दिली, राज्याने महापालिकांना ८ टक्क्यांची. "पूर्वी नाका आपला होता," अण्णा म्हणाले, "आता आपण नाक्यावर उभे."

"तरी अंदाजपत्रक दर वर्षी शिलकीचं कसं असतं?"

"कायद्यानेच शिल्लक दाखवावी लागते. मीपण दाखवतो," म्हणून त्यांनी वहीवर थाप मारली.

मग त्यांनी खर्च कमी कसा करतात तेही समजावलं. आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगाराबिगाराचा, ३५ टक्क्यांच्या आत ठेवा, असा शासनाचा दंडक आहे. वर गेला की भरतीला मंजुरी नाही. झाडूवाला निवृत्त झाला की जागा रिकामी. पण रस्ता तर झाडायचाच, म्हणून ठेकेदाराचा माणूस येतो. त्याचा पगार आस्थापनेत धरत नाहीत, तो हिशेबात वेगळ्या हेडखाली जातो. "रस्ता तोच, झाडू तोच, हेड बदललं. झाला की नाही खर्च कमी?" भांडारात नवीन मालाचं कौतुक करावं तशा कौतुकाने ते सांगत होते.

मला मात्र आमच्या गल्लीतला ठेकेदाराचा माणूस आठवला. झाडूचे हीर निम्मे गळालेले, हातमोजे त्याने स्वतःच्या पैशांनी घेतलेले, पगार कधी होणार ते त्याला ठाऊक नाही. कागद माझ्या खिशातून, हातमोजे त्याच्या खिशातून. परिपत्रकाच्या भाषेत याला बचत म्हणतात.

आणि वसुलीचं म्हणाल, तर राज्यातल्या काही महापालिकांनी थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवून पाहिला. निदान त्यांच्याकडे वाजंत्री तरी गेली. बिल आलं की पहिल्या सहामाहीतच पैसे भरणाऱ्याच्या दारात कुणी पिपाणीही वाजवत नाही. वर दर थोड्या वर्षांनी अभय योजना निघते. ज्याने वर्षानुवर्षं दमडी भरली नाही त्याला दंडात घसघशीत सूट, फलकावर मोठ्या अक्षरांत आवाहन, कधीकधी मुदतवाढसुद्धा. मला कुत्र्यांचं पान ३. चिडायचं नाही असं ठरवून हे लिहायला बसलो होतो, पण ते काही जमत नाही.

तर बँकेने नाकारल्यावर मी स्टेशनरीच्या दुकानात गेलो. सुटा कागद मिळेना, अख्खं रिम घ्यावं लागलं. ते काखोटीला मारून महापालिकेत शिरलो तेव्हा खिडकीसमोरच्या रांगेने माझ्याकडे ज्या आशेने पाहिलं, तसं आजवर कुणी पाहिलेलं नाही. दोघांनी तर तिथल्या तिथे माझं नाव विचारलं.

अण्णांची नजर मात्र दुसरीकडेच. "तो पाठकोरा परत आणलाय?"

"तो नामंजूर झाला, अण्णा."

"म्हणजे निरुपयोगी साहित्य. निर्लेखन करावं लागेल, साठ्यातून नाव काढावं लागेल." त्यासाठी समिती लागते, तिघांची. मॅडमनी कामाचं कारण सांगून अंग काढून घेतलं. अध्यक्ष अण्णा, सदस्य मी, आणि दारावरचा सुरक्षारक्षक. त्याने बसल्या जागेवरूनच हात वर केला. आम्ही कागदाची पाहणी केली. दोन्ही बाजू वापरलेल्या आढळल्या. सदर नग निरुपयोगी ठरवावा, असा ठराव एकमताने झाला.

"आता लिलाव," अण्णा म्हणाले.

सुरक्षारक्षकाला डबा पुसायला कागद हवाच होता. त्याने एक रुपयाची बोली लावली. दुसरं कुणी बोलेना. बोली त्याच्यावर सुटली. पण त्याचाही पगार ठेकेदाराकडे अडकलेला, खिशात सुटे नाहीत. अण्णांनी क्षणभर विचार केला, वहीत मागे जाऊन माझी सही शोधली आणि मूळ मागणीदार मीच असल्यामुळे तो रुपया माझ्या नावावर येणे म्हणून लिहिला.

मग खिडकीकडे वळून म्हणाले, "मॅडम, यांचा दाखला जरा थांबवा."