फॉरेन्सिक अकाउंटंट व्हा, व्हाउचर न उघडता

ऑडिटच्या टिका मारून कंटाळलात आणि आता घोटाळे पकडायचं ठरवलंत? उत्तम. आधी सर्टिफिकेट टांगायला फ्रेमवाल्याकडे माप देऊन या.

सीए असाल तर आयसीएआयचा, म्हणजे सीएंच्या संस्थेचा, एफएएफडी (फॉरेन्सिक अकाउंटिंग आणि फ्रॉड डिटेक्शन) कोर्स घरचाच आहे. विलायती बिरुद हवं असेल तर अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या संस्थेचं 'सीएफई' (सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर) घ्या. त्याला 2 वर्षांचा अनुभव लागतो, परीक्षेत 75 टक्के लागतात आणि पुढे दरवर्षी 20 तासांचं शिक्षण, पैकी 2 तास नीतिमत्तेचे. ते व्हिडिओ म्यूट करून लावले की जेवण उरकता येतं.

अभ्यास फार नको. माणूस घोटाळा का करतो, तर दबाव, संधी आणि मनाची समजूत, हा त्रिकोण पाठ करा, मीटिंगमध्ये बोटांनी करून दाखवा. मग बेनफर्डचा नियम: नैसर्गिकपणे जमलेल्या आकड्यांत पहिला अंक 1 असण्याचं प्रमाण 30.1 टक्के, 9 असण्याचं 4.6. तो दिसेल तिथे लावा. पगारपत्रकाला लावा, पेटी कॅशला लावा. ठरीव पगार किंवा वरून मर्यादा घातलेल्या रकमा या नियमात बसतच नाहीत, हे खरं. पण चार्ट काय सुंदर येतो!

व्हाउचरची फाइल मात्र सोडू नका, म्हणजे तिची दोरी सोडू नका. 50,000 च्या वर साहेबांची सही लागते त्या कंपनीत 49,800, 49,500, 49,900 अशी बिलं निघतील. एकाच पुरवठादाराचे बिल नंबर 41, 42, 43 आणि तारखा तीन वेगवेगळ्या महिन्यांच्या. म्हणजे या बापड्याला आपल्याखेरीज गिऱ्हाईकच नाही. त्यात जीएसटी नंबर वाचायची खोड असेल तर संपलंच. 15 अक्षरं: पहिली 2 राज्याची (महाराष्ट्र 27), पुढची 10 म्हणजे पॅन. एक्सेलमध्ये 'मिड' फॉर्म्युल्याने तिसऱ्या अक्षरापासून 10 अक्षरं कापली आणि 'श्री' व 'न्यू श्री' या दोन पुरवठादारांचा पॅन एकच निघाला, तर तीन कोटेशनांपैकी दोन एकाच खिशातून आलेली. तोच पॅन कर्मचाऱ्यांच्या यादीत शोधलात आणि परचेस मॅनेजरच्या नावापुढे सापडला, तर चहा कोण पाजणार? शिवाय पाच मिनिटांत संपणाऱ्या कामाचं बिल तरी किती लावायचं?

संशयिताचा लॅपटॉप हाती येताच चालू करा. विंडोज उघडताना ढीगभर फाइली आणि लॉग बदलतात, बदलू देत. राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारं यंत्र) लावून डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेणं, हॅश (डेटाचा डिजिटल अंगठा) टिपणं, लॅपटॉप कोणाकडून कोणाकडे कधी गेला ते लिहून ठेवणं, ही रिकामटेकड्यांची कामं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राला दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि हॅश दोन्हीकडे विचारलाय. रकाना दिसला की रेघ ओढा.

अहवालाच्या पहिल्याच ओळीत 'अमुक इसम दोषी आहे' असं ठणकावून लिहा. सीएफईच्या आचारसंहितेत दोषी-निर्दोष असं मत देऊ नये असं कलम आहे, पण ते त्या म्यूट केलेल्या 2 तासांत येऊन गेलं असावं.

मग उलटतपासणी. वकील विचारतील, "लॅपटॉप पहिल्यांदा कोणी आणि किती वाजता चालू केला?" तेव्हा बोटांनी त्रिकोण करून दाखवा.