इशारा ऐकला गेला म्हणून भाकीत चुकले? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मागील लेखात मी विल्यम आणि पॉल पॅडॉक या अमेरिकन बंधूंच्या ‘फॅमिन 1975!’ या 1967 सालच्या पुस्तकाची चिकित्सा केली होती. 1975 च्या सुमारास भारतासारख्या देशांत प्रचंड उपासमार होईल, असे भाकीत त्यात होते. त्यावरील आपल्या प्रतिक्रियेत मला तीन आक्षेप दिसतात. घटना घडून गेल्यावर जुन्या माणसांना नावे ठेवणे सोपे असते, हा पहिला. पॅडॉक बंधूंचे भाकीत चुकले नाही, तर त्यांचा इशारा ऐकून जग सावध झाले म्हणून संकट टळले, हा दुसरा. आणि अशी टिंगल करणारे लोक उद्या हवामानशास्त्रज्ञांचीही टिंगल करतील, हा तिसरा. दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार असल्यामुळे त्यावरच जास्त लिहितो.

पहिल्याबाबत एवढेच म्हणतो, की 1967 मध्ये भारताकडे पाहून धास्तावणे मुळीच वेडेपणाचे नव्हते. 1965 आणि 1966 अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला होता, बिहार होरपळत होता, वर्षाला सुमारे एक कोटी टन धान्य परदेशातून आणावे लागत होते आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन हे गव्हाच्या जहाजांना महिन्यामहिन्याच्या हिशेबाने परवानगी देऊन दिल्लीला तिष्ठत ठेवत होते. शिवाय लोकसंख्या झपाट्याने वाढेल हा लेखकांचा अंदाज बरोबरच निघाला. माझी तक्रार त्यांच्या काळजीबद्दल नव्हती, त्या काळजीतून त्यांनी काढलेल्या निष्कर्षाबद्दल होती.

आता इशारा ऐकला गेल्याबद्दल. हा बचाव ग्राह्य धरायचा तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतील: संकट टाळणारे उपाय इशाऱ्यानंतर सुरू झाले आणि ते इशारा देणाऱ्याने सुचवलेल्या दिशेने गेले. येथे दोन्ही गोष्टी उलट आहेत. जास्त उत्पन्न देणारा बुटका गहू तयार करणारे कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग भारतात आले ते 1963 मध्ये. मेक्सिकोतील बुटक्या गव्हाच्या सोनोरा 64 आणि लर्मा रोहो या वाणांचे 18,000 टन बियाणे भारताने मागवले ते 1966 मध्ये, म्हणजे पुस्तक छापून येण्याच्या आधी. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी तर दिल्लीतील आपल्या सरकारी बंगल्याच्या हिरवळीवर नांगर फिरवून तेथे हा गहू पेरला होता. 1964-65 मध्ये सुमारे 1.2 कोटी टन असलेले देशातील गव्हाचे उत्पादन 1971-72 मध्ये 2.6 कोटी टनांच्या घरात गेले.

आणि पॅडॉक बंधूंचा सल्ला काय होता? रणांगणावर डॉक्टर जखमींची वर्गवारी करतात, तशी देशांची वर्गवारी करून त्यांनी भारताला ‘वाचवणे शक्य नाही’ या गटात टाकले होते, जेणेकरून अमेरिकेने आपले धान्य तेथे दवडू नये. हा सल्ला कोणी मानला असता तर त्यांचे भाकीत कदाचित खरे ठरले असते! तेव्हा संकट टळल्याचे श्रेय त्यांच्या पदरात घालणे मला तरी जमणार नाही.

परंतु माझा मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे आणि तो मागील लेखात पुरेसा आला नव्हता. पॅडॉक यांचा सारा हिशेब माणशी धान्य किती, या एकाच आकड्यावर उभा होता. महाराष्ट्रातील 1972 चा दुष्काळ पाहिला की हा हिशेब कोठे फसतो ते दिसते. पंजाबच्या गव्हाचा आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या शेतावर काहीही परिणाम झालेला नव्हता. ज्वारी-बाजरी जळाली, गुरे मिळेल त्या भावाने गेली, विहिरी आटल्या. केवळ धान्याचा आकडा पाहिला, तर येथे लाखो भूकबळी पडायला हवे होते. त्याऐवजी खडी फोडण्याची, रस्त्यांची, पाझर तलावांची आणि बंडिंगची (शेतांना बांध घालण्याची) कामे निघाली आणि मे 1973 च्या सुमारास जवळजवळ 50 लाख माणसे या कामांवर होती. हजेरीपत्रकावर नाव लागले की मजुरी मिळे, त्या मजुरीतून रेशनचा लालसर मिलो (परदेशी ज्वारी) घेता येई आणि कामाच्या जागी सुकडी हा पौष्टिक कोरडा खाऊ वाटला जाई. मिलोच्या भाकरीला नाके मुरडणारे पुष्कळ होते, पण चूल पेटत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पसरली आणि 1979 पासून तिला कायद्याचे बळ मिळाले.

याच्या उलट 1974 मध्ये बांगलादेशात घडले. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले, की त्या वर्षी तेथे माणशी धान्याची उपलब्धता आसपासच्या वर्षांपेक्षा कमी नव्हती, तरीही पुराने मजुरी बुडालेली आणि तांदूळ आवाक्याबाहेर गेलेली माणसे मोठ्या संख्येने मेली. म्हणजे जेथे धान्य कमी होते तेथे माणसे तगली आणि जेथे ते होते तेथे मेली. पॅडॉक यांचे साल चुकले ही किरकोळ बाब आहे. उपासमार कशी घडते याची त्यांची समजूतच अपुरी होती.

‘जुन्या लोकांची बरोबर आलेली भाकिते’ म्हणून आपण अमेरिकन लेखक जॉन वॉटकिन्स यांनी पुढील शंभर वर्षांबद्दल केलेल्या भाकितांच्या 1900 सालच्या यादीकडे बोट दाखवले आहे. बिनतारी दूरध्वनी आणि दूरवर पाठवता येणारी छायाचित्रे त्या यादीत आहेत हे खरे. पण डासांचा समूळ नायनाट, सफरचंदाएवढी स्ट्रॉबेरी आणि इंग्रजी वर्णमालेतून तीन अक्षरांची हकालपट्टी हीदेखील त्याच यादीत आहे. लांबलचक यादीतले नेम लागलेले तेवढे वेचायचे ठरवले, तर कोणालाही द्रष्टा ठरवता येते.

राहिला हवामानाचा मुद्दा. येथे मात्र आपण माझ्या तोंडी नसलेले मत घातले आहे. योगायोगाने त्याच 1967 साली स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले, की हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृष्ठभागाजवळचे तापमान दोन अंशांहून थोडे अधिक वाढेल आणि त्याच वेळी वातावरणाचा वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होईल. हा दुसरा भाग मला फार मोलाचा वाटतो. तापमानवाढ सूर्याच्या प्रखरतेमुळे होत असती तर स्थितांबरही तापायला हवा होता. पुढे उपग्रहांच्या मोजमापांत तो थंड होत असल्याचेच दिसले. मानाबे यांना 2021 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वातावरणातील वायू कोणाचे पुस्तक वाचून आपले वागणे बदलत नाहीत. सरकारे, शेतकरी आणि मजूर बदलतात.

त्यामुळे दुप्पट कार्बन डायऑक्साइडने किती तापमान वाढेल, हे विधान मी एका मापाने मोजतो आणि अमुक सालापर्यंत अमुक देश उपासमारीने कोलमडेल, हे विधान दुसऱ्या मापाने. ते दुसरे विधान आजच्या एखाद्या नामवंत हवामानशास्त्रज्ञाने केले, तरी मी त्याला पॅडॉक बंधूंना विचारले तेच प्रश्न विचारीन, आणि त्याबद्दल आपण मला पुन्हा शंकेखोर म्हटलेत तरी माझी हरकत नाही.