'आलोच की' हा कुठला काळ?

परवा शिकवणीत एका पोरीनं मला अडकवलं. दहावीची, मराठी माध्यमाची, आमच्या बेळगावच्या वडगावातली. मी फळ्यावर लिहिलं होतं, 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.' ती म्हणाली, "सर, तो अजून यायचाय. मग 'व्हेन ही विल कम' का नको? येईल म्हणजे विल कम, असं तुम्हीच पाठ करून घेतलंय की."

घेतलं होतं खरं. बावीस वर्षं घेतोय. तोंडावर नेहमीचं उत्तर आलं होतं की व्हेन, इफ, अनटिल यांच्या मागोमाग विल येत नाही, नियम आहे, लिहून घ्या. पण त्या दिवशी का कोण जाणे, तिलाच उलट विचारलं. "घरी बाबा यायचेत. आल्यावर त्यांना निरोप द्यायचाय. आज्जीला काय सांगशील?"

"बाबा आले की सांग."

"आले? कुठं आले? अजून यायचेत म्हणालीस ना?"

वर्ग हसला. ती नाही हसली. दोन मिनिटं वहीकडं बघत बसली आणि म्हणाली, "पाऊस आला तर कपडे काढ. हे पण तसंच की सर. पाऊस आलेलाच नसतोय."

नेमकं हेच. होणाऱ्या गोष्टीची अट घालताना आपण भूतकाळाचं रूप वापरतो, इंग्रज वर्तमानाचं वापरतात. 'पाऊस आला तर' आणि 'इफ इट रेन्स'. भविष्याचं रूप दोघंही मुख्य वाक्यासाठी राखून ठेवतात. ('येईल तेव्हा सांग' असंही मराठीत चालतं, कबूल. पण घरात, चुलीपाशी, 'आला की सांग' हेच जास्त.) आमच्या गल्लीतल्या प्रत्येक आज्जीला हे येतं. आम्हीच ते पोरांपासून लपवून ठेवतो आणि वर नियम म्हणून विकतो.

आता जरा चिडून लिहितोय, समजून घ्या. आपल्याकडच्या गाईडांत एक कोष्टक असतं. आय आणि वी असेल तर शॅल, बाकी सगळ्यांना विल. निश्चय दाखवायचा असेल तर बरोबर उलटं. हे मी शाळेत छडी खाऊन पाठ केलं. मोठेपणी कळलं की ही वाटणी जॉन वॉलिस नावाच्या माणसानं 1653 साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणातली आहे. हा वॉलिस मुळात गणिती. अनंताचं ते आडवं आठासारखं चिन्ह त्यानंच आणलं. इंग्रजही घरात असं बोलत नाहीत, आणि आमच्या यळ्ळूर-बेळगुंदीची पोरं पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या गणितज्ञाचा हिशोब घोकत बसलीत.

याचा फटका मला स्वतःला बसलाय. पंचविशी नव्हती ओलांडलेली, पुण्यात एका ऑफिसात मुलाखतीला गेलो होतो. मुलाखत बरी चालली होती. शेवटी साहेबांनी विचारलं, "व्हॉट आर यू डुइंग ऑन मंडे?" मी गडबडलो. आर डुइंग म्हणजे चालू वर्तमानकाळ, आणि सोमवार तर चार दिवसांनी! साहेबांचं इंग्रजी कच्चं आहे अशी मनातल्या मनात खूणगाठ बांधली, आणि आपण शुद्ध बोलावं म्हणून ठणकावून सांगितलं, "ऑन मंडे आय शॅल डू नथिंग, सर."

त्यांना विचारायचं होतं, सोमवारी मोकळा आहेस का, कामावर येतोस का. त्यांना ऐकू आलं ते असं की हा बाबा सोमवारी काहीही न करण्याचा निर्धार करून बसलाय. नोकरी गेली. त्या रात्रीच्या गाडीनं बेळगावला परत.

गंमत अशी की साहेबांचं वाक्य आमच्या बोलीत जसंच्या तसं आहे. "आयतवारी काय करूलालाइस?" "पुण्याला जाऊलालोय." म्हणजे काय करतोयस, पुण्याला जातोय. आयतवार अजून तीन दिवसांवर, पण तिकीट काढलंय, पाव्हण्यांना फोन झालाय, म्हणून क्रिया चालू असल्यासारखी सांगायची. इंग्रज हेच करतो. आय ॲम मीटिंग हिम ऑन संडे. ठरलंय, वेळ दिलीय, तोंडं बघायचीच काय ती बाकी. 'आय विल मीट हिम' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हे आत्ता बोलता बोलता ठरवलं. टपरीवर कुणी म्हणालं, "सुट्टे नाहीत रे," आणि आपण म्हणालो, "असू दे, मी देतो," ते हे विल. आय विल पे. तिथं 'आय ॲम गोइंग टु पे' म्हटलं तर घरून खिसा भरून, पैसे द्यायच्या बेतानंच आलो होतो असं होतं.

गोइंग टुची आणखी एक जागा आहे. मे महिन्यात दुपारी तीनला आंबोलीकडनं ढग चढून येतात, वारा सुटतो, धुळीचा वास येतो. कुणी 'पाऊस येईल' म्हणत नाही. 'पाऊस येणार' म्हणतात. खूण दिसतेय. इट इज गोइंग टु रेन. आणि यंदा पाऊस कसा होईल असं जानेवारीत कुणी विचारलं तर 'बरा होईल बहुतेक' म्हणतात. तो अंदाज, ते विल. येईल आणि येणार यातला हा फरक पोरांना शिकवावाच लागत नाही. नुसतं विचारायचं, "ढग दिसताना काय म्हणशील?"

खरं सांगायचं तर इंग्रजीला रूपानं बघितलं तर भविष्यकाळच नाही. गो आणि वेंट, दोनच. भविष्याची वेगळी रूपं आपल्याकडं आहेत. जाईन, जाशील, जाईल, जाऊ, जाल, जातील. घरात एवढी भांडी मांडून ठेवलेली, आणि आपण शेजारच्याच्या रिकाम्या फडताळात तीच भांडी शोधतोय. विल हा शब्द मुळात 'इच्छा असणे' असा होता. जर्मन माणूस आजही 'इश विल' म्हणाला तर त्याचा अर्थ 'मला हवंय' असाच. आमच्याकडं विल म्हटलं की आधी जमीनच आठवते, "म्हाताऱ्यानं विल केलंय का?" आणि तो शब्दही त्याच घरातला. माझ्यामागं काय व्हावं याची इच्छा.

शॅल त्याहून कडक. त्याचा जुना अर्थ देणं लागणे, बंधन असणे. म्हणून तो आता दोनच जागी ठामपणे उरलाय. एक, विचारताना. शॅल आय ओपन द डोअर? दार उघडू का? शॅल वी गो? जाऊया का? इथं मराठीचं 'ऊ' आणि इंग्रजीचा शॅल अगदी मापात बसतात. दुसरी जागा कायद्याची. राज्यघटनेचं पहिलंच कलम घ्या, इंडिया दॅट इज भारत शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स. हे काही भाकीत नव्हे. पुढं कधीतरी होईल बघा, असं नव्हे. हे असं आहे आणि असंच धरायचं.

आता आमच्या भागात राहून हे लिहितोय तर 350-अ सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकता यावं म्हणून पुरेशा सोयी द्यायच्या, असं ते कलम. ते घटनेत आलं 1956 च्या सातव्या दुरुस्तीनं, म्हणजे ज्या वर्षी आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो त्याच वर्षी. वाक्य कसं आहे बघा. 'इट शॅल बी द एन्डेव्हर ऑफ एव्हरी स्टेट.' शॅल आहे, म्हणजे बंधन. पण बंधन कशाचं? एन्डेव्हरचं. प्रयत्न करण्याचं! सोय देण्याचं नव्हे, सोय देण्याचा प्रयत्न करण्याचं. एक हात आवळलेला, दुसरा सैल. माझी अर्धी शिकवणी याच वाक्यावर होऊ शकते आणि गाईडात हे वाक्य कधी येणार नाही.

आणि आपल्या घोषणेचं व्याकरण बघा. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' झाला! जे व्हायचंय त्याला भूतकाळाचं रूप. यातलं राजकारण ज्यानं त्यानं आपापल्या घरी करावं, इथं कमेंटमध्ये नको. मी मास्तर माणूस, मला तो 'झालाच' दिसतो आणि 'बाबा आले की' आठवतं.

माझ्या वर्गात चार कन्नड घरची पोरंही आहेत. त्यांनी तर मला आणखी शहाणं केलं. बोलण्यातल्या कन्नडमध्ये 'रोज येतो'ला जे बर्तीनि, 'उद्या येतो'लाही तेच बर्तीनि. काळ कुठला ते 'नाळे', म्हणजे 'उद्या', सांगतं, क्रियापदाला त्रास नाही. त्यातला एक रोज निघताना म्हणतो, "होगी बर्तीन्री सर." जाऊन येतो. आमची आई उंबऱ्यात 'जातो' म्हणू द्यायची नाही, 'येतो' म्हणायला लावायची, तेच हे. आणि आईनं हाक मारली की तो 'बंदे' म्हणतो, आम्ही 'आलोच की' म्हणतो. बूड हललेलं नसतं अजून, पण दोन्ही भाषांत येऊन झालेलं असतं. गाईडवाल्याला विचारा, हा कुठला काळ.

मान्य आहे, परीक्षेत 'चेंज इनटू फ्युचर टेन्स' येतं आणि तिथं विल लिहिलं की मार्क मिळतो. मी तेही करून घेतो, घेणारच. पोट त्यावर आहे. पण ते शेवटच्या महिन्यात. आधी घरातलं मराठी, घरातलं कन्नड फळ्यावर काढायचं आणि त्याच्यासमोर इंग्रजी ठेवायचं. जून महिन्यापासून असंच करणार आहे. आय ॲम गोइंग टु. बघा, ठरवून आलोय.

त्या पोरीचं राहिलंच. शेवटी विल हॅवकडं आलो. मी सांगितलं, हे 'उद्यापर्यंत झालेलं असेल'साठी असतंच, पण नुसत्या तर्कालाही चालतं. दार वाजलं की आपण न बघता म्हणतो, 'दूधवाला असेल.' आत्ताची गोष्ट, तरी असेल. इंग्रजही म्हणतो, दॅट विल बी द मिल्कमन. मग म्हटलं, एकेक वाक्य करा, गाईडातलं नको, आपलं आपलं.

तिचे वडील मालट्रक चालवतात. भाजी भरून पुण्याला जातात. तिनं घड्याळाकडं बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं, निपाणी, कोल्हापूर असं पुटपुटली, आणि उभी राहून म्हणाली, "माय फादर विल हॅव रीच्ड कराड बाय नाऊ."