जमिनीखालचा कोळसा तुमच्या शेअरमध्ये नाही

वणी, मारेगाव, भद्रावती, राजुरा, या पट्ट्यातल्या ग्रुपांवर महिनाभरापासून एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. बुडत चाललेल्या एका खासगी कोळसा कंपनीच्या शेअरधारकांसाठी तो आहे. सार असं: मॅनेजमेंट चोर आहे, पण कोळसा कुठे पळून जात नाही. जमिनीखाली हजारो कोटींचा माल आहे, म्हणून शेअर शून्य होऊच शकत नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली तर उलट चांगलंच, नवा मालक येईल आणि भाव दहापट होईल. शेअरवर लिहिलेली मूळ, म्हणजे दर्शनी किंमत १० रुपये आहे, तेवढी तर कायद्याने मिळतेच. कोल इंडिया बघा कुठे गेली. मीटिंग, मतदान यात वेळ घालवू नका, लहान माणसाचं तिथे कोणी ऐकत नाही. दोन-तीन रुपयांत मिळतो आहे तोवर घ्या, सरासरी खाली आणा.

चार वेळा मी तो पाहून सोडून दिला. पाचव्यांदा तो आमच्या मोठेबाबांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "सोयाबीनचे पैसे आले का आणखी दहा हजार शेअर घेतो म्हणतो." त्यांची जमीन खाणीत गेली, मोबदल्यातून मुलीचं लग्न आणि घर झालं, उरलं ते त्यांनी या शेअरात घातलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांच्या डिमॅटमध्ये ती आहे त्यांना सांगायची गरज नाही.

सगळ्यात आधी तो हजारो कोटींचा माल. मोठेबाबा, तुमची जमीन गेली तेव्हा तुम्हाला मोबदला कशाचा मिळाला? वरच्या शेताचा, विहिरीचा, झाडांचा. खालच्या कोळशाचा एक पैसा कोणी दिला नाही, कारण तो तुमचा धरलाच नव्हता. ज्या शेताचे तुम्ही सातबाऱ्यावरचे मालक होतात, त्याच्या खालचा कोळसा तुमचा नव्हता, मग दोन रुपयांचा शेअर घेऊन तो तुमचा कसा होईल? तो कंपनीचाही नसतो. कंपनीला मिळतो तो ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक अटींवर कोळसा काढण्याचा हक्क, आणि हा हक्क जातो. सप्टेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने २१८ पैकी २१४ कोळसा ब्लॉकचं वाटप एका निकालाने रद्द केलं. वर, ज्यांनी आधीच कोळसा काढला होता त्यांना काढलेल्या प्रत्येक टनामागे २९५ रुपये भरायला लावले. भद्रावती तालुक्यातली बरांजची खाण त्याच निकालामुळे मार्च २०१५ अखेर थांबली आणि पुढची काही वर्षं बंदच राहिली. तिथला कोळसा कुठे पळून गेला होता? जागेवरच होता. काम गेलं, डंपर उभे राहिले, चहाच्या टपऱ्या बंद झाल्या.

आणि जमिनीखालचा कोळसा म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे. त्याच्यावरची कितीतरी पट माती आणि दगड आधी काढावे लागतात. घुग्घुस, माजरीकडे जाताना ओबीचे, म्हणजे या काढलेल्या माती-दगडाचे जे डोंगर दिसतात, ते उचलायला डिझेल, मशीन आणि पगार लागतो. ज्या कंपनीकडे ठेकेदाराची बिलं द्यायला पैसे नाहीत तिचा कोळसा खालीच राहतो. खाण बंद करताना जमीन पूर्ववत करण्याचा खर्चही तिच्याच डोक्यावर असतो. मेसेजच्या हिशोबात हे काहीच धरलेलं नाही.

आता दिवाळखोरीचा मुद्दा. मला खरा राग यावर आहे, कारण यातच माणसं घर बुडवतात. दिवाळखोरीचा कायदा २०१६ चा. त्याचं कलम ५३ अर्ध्या पानात वाचून होतं. कंपनी मोडीत निघाली तर पैसा कोणाला कोणत्या क्रमाने द्यायचा ते त्यात आहे: आधी त्या प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचा २४ महिन्यांपर्यंतचा पगार आणि तारण घेतलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी, मग बाकीची देणी, मग प्रेफरन्स शेअरवाले, म्हणजे ज्यांचा हक्क साध्या शेअरच्या आधी येतो ते. सगळ्यात शेवटी साधे शेअरधारक, म्हणजे आपण. दर्शनी किंमत १० रुपये असल्याने रांगेतली जागा पुढे सरकत नाही. ते दहा रुपये परत मिळण्याची हमी कुठल्याही कायद्यात नाही. बँकांचंच पूर्ण फिटत नसेल तर आपल्यापर्यंत काही येण्याचा प्रश्नच नाही.

"पण कंपनी मोडत नाही, नवा मालक घेतो," असं पुतण्याने ग्रुपवर लिहिलं. डीएचएफएल या दिवाळखोरीत गेलेल्या घरकर्ज कंपनीला नवा मालक मिळाला होता, मोठा आणि पैसेवाला. जून २०२१ मध्ये कंपनी ताब्यात घेण्याची त्याची योजना मंजूर झाली. जुन्या शेअरची किंमत शून्य धरली, ते रद्द झाले, बाजारातून निघाले. मंजुरीची बातमी आल्यानंतरही लोक तो शेअर विकत घेत होते, नवा मालक आला म्हणून. कंपनी वाचली, शेअरधारक वाचले नाहीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मेसेज त्या मुद्दाम एक करतो.

आपल्या बाजूचंच उदाहरण हवं असेल तर वर्धा जिल्ह्यातल्या मांडव्याचा अर्धवट वीज प्रकल्प आठवा. त्यामागची लॅन्को इन्फ्राटेक २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातली ग्रिफिन ही कोळसा कंपनी विकत घेऊन बसली होती. म्हणजे कोळसाही होता. ऑगस्ट २०१८ मध्ये तिला मोडीत काढण्याचा आदेश झाला.

कोल इंडियाबद्दल फार लिहीत नाही. ती सरकारी आहे, नफ्यात आहे, लाभांश देते. तुलनाच होत नाही. तरी २०१० मध्ये २४५ रुपयांना विकलेला तो शेअर २०२० मध्ये निम्म्याच्याही खाली आला होता. सरकार ढवळाढवळ करून कोळसा स्वस्तात विकायला लावतं म्हणून २०१२ मध्ये लंडनच्या एका मोठ्या फंडाने तिच्या संचालकांना कोर्टात खेचलं होतं, हेही मेसेजवाल्याने सांगायला हवं होतं.

एक गोष्ट मान्य करावी लागते. मॅनेजमेंटबद्दल मेसेजमध्ये लिहिलेलं बरंचसं खरं आहे. खाण अर्धी बंद आणि वरच्यांचे पगार चालू, नातेवाइकांच्या फर्मना वाहतुकीची कामं, प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्या मूळ मालकांचे शेअर गहाण. मोठेबाबांचा संताप रास्त आहे. पण या संतापाचा वापर करून त्यांना आणखी शेअर घ्यायला लावणं आणि त्याच वेळी मतदान करू नका सांगणं, यात फायदा कोणाचा? ज्याला शेअर विकून निघायचं आहे त्याचा, आणि त्याच मॅनेजमेंटचा.

लहान शेअरधारकाच्या हातात फार नाही, हेही अर्धं खरं. साध्या ठरावात प्रवर्तक जिंकतात. पण तोट्यातल्या कंपनीला संचालकांचा पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर न्यायचा असेल तर विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधाच्या तिप्पट मतं बाजूने हवीत. नातेवाइकांच्या फर्मशी मोठे व्यवहार मंजूर करताना संबंधित मंडळींना बाजूने मत देताच येत नाही, तिथे आपलंच मत मोजलं जातं. कंपनी कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे एक हजार लहान शेअरधारक, किंवा त्यांच्यातले एक दशांश, जो आकडा कमी असेल तेवढे, आपला संचालक नेमण्याची नोटीस देऊ शकतात. शंभर सभासद मिळून गैरकारभाराविरुद्ध न्यायाधिकरणात जाऊ शकतात. एवढी माणसं या मेसेजच्या एकाच ग्रुपमध्ये असतील. मतदान मोबाइलवर होतं, निदान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होतं.

परवा मोठेबाबांकडे गेलो. सभेची नोटीस त्यांच्या मेलवर आलेली होती, कोणी उघडलीच नव्हती. चौथा ठराव व्यवस्थापकीय संचालकांच्या पगाराचा. तो मी मराठीत सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा लावला आणि मोबाइलवर आलेला ओटीपी एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला. सोयाबीनचे पैसे अजून बँकेतच आहेत.