९९९ वर्षांची लीज म्हणजे मालकी नव्हे

गिरगावकर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, पहिल्यांदा जरा रागानेच. तुमचं म्हणणं असं: मी अमरत्वाला नाकं मुरडतो आणि दहा लाख वर्षं मात्र हात पसरून मागतो, हे ढोंग आहे. त्या दहा लाखांतल्या शेवटच्या संध्याकाळीही मी 'आणखी एक दिवस' म्हणणारच. आणि मुंबईत ९९९ वर्षांच्या लीजला आपण मालकीच समजतो, तेव्हा माझा फरक म्हणजे नुसता शब्दच्छल.

लीजचा दाखला मला द्यायला नको होतात. आमची दादरची इमारत ९९ वर्षांच्या लीजच्या जमिनीवर आहे. लहानपणी हा शब्द घरात ऐकल्याचंही आठवत नाही. शेवटची दहा वर्षं उरली आणि सोसायटीच्या सभेत दुसरा विषयच निघेना. गच्चीची गळती, बंद लिफ्ट, सगळं मागे पडलं. फ्लॅट बघायला आलेली माणसं कागद चाळायची, चहा प्यायची आणि निघून जायची. ९९९ वाल्यांनाही ही दहा वर्षं चुकलेली नाहीत. फक्त ती भोगायला आजच्यातलं कोणी नसेल, म्हणून ते निवांत. दहा लाख वर्षं जगणाऱ्याला ती सोय नाही. ती दहा वर्षं त्याच्याच वाट्याला येणार. म्हणजे मरणाची धास्ती त्याला माफ होत नाही, नुसती पुढे ढकलली जाते.

मग अमरत्वच बरं की, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्याकडे ते कोणाला मिळालंय? 'चिरंजीव' म्हणजे फार काळ जगणारा. नाहीतर लग्नपत्रिकेत 'चि.' छापायला कोण धजलं असतं? ब्रह्मदेवाचंही आयुष्य पुराणांच्या हिशेबात १०० वर्षांचं, आपली ३,११,०४,००० कोटी, आणि तेही संपतं. अश्वत्थाम्याला सौप्तिकपर्वात कृष्णाने शाप दिला तो ३,००० वर्षं एकट्याने भटकण्याचा. जखमेला तेल मागत कायमचा फिरणारा अश्वत्थामा पुढे लोककथांनी केला. मला वाटतं, मुदतीची शिक्षा लोकांना पुरेशी वाटली नसावी. अमरत्व ही त्यांनी शापात घातलेली भर आहे.

'आणखी एक दिवस' हे मात्र तुम्ही अचूक पकडलंत. मागेन, नक्की मागेन. पण रोज एक दिवस मागणं आणि सगळे दिवस एकदम गळ्यात पडणं यांत फरक आहे: पहिल्यात उद्या न मागण्याची मुभा उरते. भीष्मांना इच्छामरणाचा वर होता. बाणांवर पडून त्यांनी ५८ रात्री असंच एकेक दिवस मागून घेतलं, उत्तरायण लागलं आणि मागणं थांबवलं. दहा लाखांचा आकडा मी उगाच लिहिला, हे कबूल. मला हवं होतं ते हे.

आमची लीज शेवटी ३० वर्षांनी वाढवून मिळाली. त्या सभेत पेढे वाटले. पुढच्या सभेत गच्चीच्या गळतीवरून दोन तास भांडण झालं, आणि मी खूप दिवसांनी शेवटपर्यंत बसलो.