‘हॅड’ला हाड म्हणा

मराठी माणसाला इंग्रजी येत नाही, हा निव्वळ आरोप आहे. येतं, पण त्यात ‘हॅड’ फार. ‘आय हॅड गॉन टू नाशिक यस्टरडे. वी हॅड ईटन मिसळ देअर.’ ऐकणारा साहेब कान टवकारून बसतो. हा नाशिकला गेला होता, मिसळ खाल्ली होती, आणि मग? भूकंप झाला? लग्न ठरलं? पुढे काहीच नाही. माणूस मिसळ खाऊन परत आला, एवढंच.

यात आपलं मराठी कच्चं नसतं, उलट फार पक्कं असतं. जाऊन परत आलो की आपण ‘गेलो होतो’ म्हणतो, आणि तो ‘होतो’ इमानेइतबारे हॅड करून इंग्रजीत नेतो. तिकडे हॅडला एकट्याने प्रवेश नाही. भूतकाळातल्या दोन घटना हव्यात, आणि आधीची कोणती हे सांगायची गरज हवी. मग आधीचीला हॅड. ‘व्हेन आय रीच्ड ठाणे, द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे तुम्ही फलाटावर आणि गाडी डोळ्यांदेखत हलली. ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे गाडी केव्हाच गेली, आता निवांत वडापाव खा. वाक्यात ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ असेल तर क्रम त्यानेच कळतो, हॅड नसला तरी बिघडत नाही.

तेव्हा लिहून झालं की घटना मोजाव्यात. एकच भरली तर हॅड खोडावा आणि लगेच क्रियापदाचं दुसरं रूप घालावं, गॉनचं वेंट. हे राहिलं तर ‘आय गॉन’ उरतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. मात्र ‘आय हॅड अ फीवर’मधला हॅड खोडू नका. तिथे तोच मुख्य क्रियापद आहे. तो गेला की नुसता ताप उरतो.

‘हॅव’चं दुखणं वेगळं. ‘मी त्याला काल पाहिलंय’ आपल्याकडे बिनबोभाट चालतं. इंग्रजीत हॅव आणि संपलेली वेळ एका वाक्यात नांदत नाहीत. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९ यांतलं काहीही आलं की हॅव बाहेर: ‘आय सॉ हिम यस्टरडे.’ खरी गंमत ‘धिस मॉर्निंग’ची. सकाळी दहाला ‘हॅव यू टेकन युअर टॅब्लेट धिस मॉर्निंग?’ आणि दुपारी चारला तोच प्रश्न ‘डिड यू टेक’ असा. गोळीची चौकशी करायची तरी आधी घड्याळ बघा! अमेरिकन माणूस मात्र सकाळीही खुशाल ‘डिड यू’ विचारतो.

मुलाखतीत हमखास येणारं वाक्य: ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स.’ एका वाक्यात दोन अपघात. आपलं ‘राहतोय’ वर्तमानात सुखी असतं. इंग्रजीला मागची दहा वर्षंही क्रियापदात हवीत, म्हणून ‘हॅव बीन लिव्हिंग’. शिवाय आपलं एकच ‘पासून’ तिथे दोन खात्यांत विभागलंय. सुरुवात कधी झाली ते सिन्सकडे: सिन्स २०१५, सिन्स दिवाळी. किती काळ झाला ते फॉरकडे: फॉर टेन इयर्स. हे सरळ पाठ करून जावं, त्यात कमीपणा नाही.

बाकी किरकोळ. ‘डिड नॉट वेंट’मध्ये भूतकाळ डिडने घेतलाय, वेंटने पुन्हा घ्यायचं कारण नाही, ‘डिड नॉट गो’. ‘तो येईल तेव्हा सांगेन’ यात मराठीत दोनदा भविष्यकाळ, इंग्रजीत एकदाच: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल यू.’ आणि ‘आय ॲम हॅविंग टू सन्स’ म्हणालात तर साहेब प्रसूतिगृहाचा पत्ता विचारेल. ‘आय हॅव’ पुरे.

एका बाबतीत मात्र मराठीचा हात कुणी धरू शकत नाही. दारावर कुणी हाक मारली की आपण आतून ‘आलोच!’ म्हणतो, चक्क भूतकाळात. इंग्रज ‘आय ॲम कमिंग’ म्हणतो. माणूस दोन्हीकडे टॉवेलातच असतो.