खुनी आधीच कळला, एक तारा कापा

मत द्यायचं ठरलंय ना? मग कादंबरी अख्खी वाचायची काही गरज नाही. डोरोथी बी. ह्यूज यांच्या १९४७ सालच्या 'इन अ लोनली प्लेस'साठी मलपृष्ठ पुरेसं आहे: महायुद्धानंतरचं लॉस एंजेलिस, धुकं, बायकांचे गळे आवळणारा कुणीतरी आणि धडपडणारा लेखक डिक्स स्टील.

सुरुवात ठरलेल्या तक्रारीने करा. 'खुनी कोण ते पहिल्याच प्रकरणात कळतं, मग उरलं काय?' धुक्यात बसमधून उतरलेल्या मुलीच्या मागे डिक्स चालू लागतो, तिथेच तुम्ही ओळखलंत. हुशारी तुमची, चूक लेखिकेची. खुनी शेवटच्या पानापर्यंत लपून राहिला नाही, तर पुस्तकाचे पैसे वसूल कसे व्हायचे? सगळी गोष्ट त्या माणसाच्याच डोक्यात बसून सांगितलीय आणि तरी खून एकही दाखवलेला नाही. हे चुकून ध्यानात आलंच, तर 'ॲक्शन कमी पडली' एवढं नोंदवा.

मग लेखकाकडे वळा. 'धडपडणाऱ्या लेखकाची होरपळ मनाला भिडली' हे वाक्य कुठेही खपतं. इथे अडचण एवढीच की डिक्स काही लिहीतच नाही. पैसे काकाचे. फ्लॅट मेल टेरिस नावाच्या ओळखीच्या माणसाचा, कपडे मेलचे, गाडीही मेलचीच; मेल म्हणे रिओला गेलाय. विचारलं तर डिक्स सांगतो, डिटेक्टिव्ह कादंबरी लिहितोय. आणि मंडळी माना डोलावतात! लेखक म्हटल्यावर दुपारपर्यंत लोळलं, रात्री-अपरात्री भटकलं, तरी कोण हटकतंय? युद्धातला दोस्त ब्रब आता पोलिसात डिटेक्टिव्ह आहे. त्याच्याकडून तपासाची बित्तंबातमी काढायलाही हीच सबब. 'दाखव बघू दोन पानं,' असं कुणी म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका. उद्या तुमच्या 'सध्या कादंबरीवर काम चालू आहे'ची पानं कुणी मागितली तर?

'नायक आवडला नाही' हे मात्र लिहाच. गळे दाबणारा माणूस निदान लाघवी तरी हवा, ही अपेक्षा रास्तच आहे. स्त्रीपात्रं 'दुय्यम' म्हणून उरकून टाका. ब्रब दोस्तीत गुंतलेला असताना त्याची बायको सिल्व्हिया डिक्सला पुरती ओळखून असते, डिक्सची प्रेयसी लॉरेल हिलाही पुढे संशय येतो. पण या भानगडीत शिरलात तर 'दुय्यम' खोडावं लागेल.

याच कादंबरीवरचा निकोलस रे यांचा १९५० सालचा सिनेमा पाहिला असेल, तर सोन्याहून पिवळं. त्याच्यावरूनच पुस्तकाचं परीक्षण ठोकून द्या. फक्त जपून: पडद्यावरचा डिक्स, म्हणजे हम्फ्री बोगार्ट, खराखुरा पटकथालेखक आहे आणि त्या खुनात निर्दोष. 'डिक्स सुटला तेव्हा डोळे पाणावले' असं लिहून गेलात आणि पुस्तक वाचलेला कुणी खडूस भेटलाच, तर त्याला 'तुम्हाला गाभाच कळला नाही' म्हणून वाटेला लावा. (रहस्य फोडलं म्हणून माझ्यावर डाफरू नका. तुम्हाला पहिल्याच प्रकरणात कळलं होतं.)

ह्यूजबाई स्वतः रहस्यकथांची परीक्षणं लिहीत. त्या समीक्षेसाठी त्यांना १९५१ मध्ये रहस्यसाहित्यासाठीचं अमेरिकेतलं एडगर पारितोषिकही मिळालं. पण बाई आधी पुस्तक वाचत असाव्यात, पद्धत जुनी. तुम्ही तीन तारे देऊन मोकळे व्हा. पाच दिले तर लोक कारण विचारतात, एक दिला तर भांडतात. तीन दिले की वाचल्यासारखं वाटतं.